गडग्यातून जाईल असा ट्रॅक्टर

मला चाकरमानी म्हटलेलं चालत नाही. कोकणातून मुंबईत नोकरीला आलेल्याला गावात चाकरमानी म्हणतात, त्यात वाईट काय, असं सगळे मला समजावतात. माझे वडील होते चाकरमानी. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभं राहून त्यांनी जन्म काढला, त्यांना तो शब्द शोभला. मी कोणाची चाकरी केलेली नाही. लालबागच्या फुटपाथवर कुलपं विकली, मग कड्या-बिजागऱ्या, आणि आज त्याच फुटपाथला लागून माझं हार्डवेअरचं दुकान आहे. तरी गावी एसटीतून उतरून घराकडे वळलो की माझा चुलत भाऊ ओटीवरूनच ओरडतो, "इलो रे चाकरमानी." म्हणजे पाहुणा आला, चार दिवस जेवेल आणि जाईल.

हा चुलत भाऊ माझ्याहून मोठा, मी त्याला दादा म्हणतो. त्याच्या घरामागे, डोंगराच्या उतारावर माझं रान आहे. वाडवडिलांचं नव्हे, मी घासाघीस करून विकत घेतलेलं. काजू, आंबे, मधे ऐन-किंजळीची मोठी झाडं, आणि खाली छातीपर्यंत माजणारी रानमोडी. काजू पडायच्या आधी खालचं सगळं साफ व्हावं लागतं. दरवर्षी मी मुंबईहून दादाला फोन करायचो आणि दरवर्षी तो म्हणायचा, माणसं मिळत नाहीत. त्याच्या स्वतःच्या काजूखाली मात्र केर काढल्यासारखी जमीन असायची. तिथे माणसं कुठून मिळत होती, हे विचारायची सोय नाही. विचारलं की भांडण, आणि भांडण झालं की गाव त्याच्या बाजूने. मी चाकरमानी ना.

शेवटी ठरवलं, माणसं नकोत, दादा नको, आपला स्वतःचा ट्रॅक्टर घ्यायचा. मी असेन तेव्हा चालवीन, नसेन तेव्हा कुलूप लावून ठेवीन. कोणाच्या तोंडाकडे बघायला नको.

पण माझ्या रानाची वाट दादाच्या दारातून जाते. पूर्वी तिच्यावरून बैलगाडी जायची. एका वर्षी दुकानाच्या भानगडीत मी गावी फिरकलो नाही, तेवढ्यात दादाने अंगणाला गडगा घातला. जांभ्या दगडांची नुसती रचलेली भिंत, पण ती त्याने अशी पुढे आणली की एका बाजूला गडगा, दुसऱ्या बाजूला उभी दरड आणि मधे बोळ. मी विचारलं तर म्हणाला, माणूस जाता, गुरां जातत, तुका आणि काय व्हया? मी दुकानातून नेलेली नायलॉनची दोरी काढली, बोळाचं सगळ्यात अरुंद ठिकाण मोजलं, दोरीला गाठ मारली आणि ती खिशात घालून मुंबईला आलो.

ट्रॅक्टर निवडायचा म्हणजे लोक एचपी विचारतात, अ‍ॅव्हरेज विचारतात. मी आधी दोरी काढली.

तालुक्याच्या डीलरचा माणूस अधूनमधून मुंबईत येतो, आमच्यासारख्यांना गाठायला. तो दुकानात आला तो मोठ्या ट्रॅक्टरची चित्रं घेऊन. उतार आहे, साहेब, ताकद हवी, वजन हवं, हा घ्या, डोंगर ओढेल. म्हटलं, डोंगर जागेवरच राहू दे, मला रान साफ करायचंय. मोठा घेतला तर आधी गडगा पाडावा लागेल, आणि गडगा पाडायचा तर दादाच्या ओटीसमोर हात जोडून उभं राहावं लागेल. ते या जन्मात होणार नाही.

मग त्याने बागेतले छोटे ट्रॅक्टर दाखवले. माहितीपत्रकातली रुंदी वाचून म्हणाला, आरामात जाईल. मी माहितीपत्रकावर कुलूपसुद्धा घेत नाही. त्याला तिथल्या तिथे डीलरच्या यार्डात व्हिडिओ कॉल लावायला लावला आणि मेस्त्रीला टेप घेऊन ट्रॅक्टरमागे उभं केलं. चाकाच्या बाहेरच्या नटापासून दुसऱ्या चाकाच्या नटापर्यंत मोज म्हटलं. माझी दोरी काउंटरच्या पट्टीवर ताणलेली होती. ट्रॅक्टर बसला, दोन्हीकडे बोटभर जागा ठेवून बसला. डीलरचा माणूस हसला आणि त्याने पेन काढलं. मी म्हटलं, मागे जोडतात तो माती-तण उलटणारा रोटाव्हेटर मोज. तो ट्रॅक्टरहून रुंद निघाला.

"साहेब, तो काय, तिरका करून निघतो," तो म्हणाला.

"तुझी बायको तिरकी करून काढ दारातून," मी म्हटलं. शब्द वाईट होता, पण माझं डोकं फिरलं होतं. दगडाला घासत आत गेलो असतो तर सगळ्या वाडीला महिनाभर हसायला मिळालं असतं.

त्यानंतर मी त्याला सोडला नाही. अरुंद रोटाव्हेटर, तोही त्याच भावात. धुराचं नळकांडं वर उभं नको, काजूच्या खालच्या फांद्यांत अडकतं, खाली वळवलेलं हवं. डोक्यावरची लोखंडी कमान दुमडणारी हवी. चारी चाकं ओढणारी हवीत, कारण उताराला माती कमी आणि कातळ जास्त. शेवटी तो घाम पुसत म्हणाला, साहेब, तुम्ही आमच्याकडे नोकरीला या. नोकरी हा शब्द त्याने माझ्यासमोर काढायला नको होता. चहा पाजणार होतो, पाजला नाही.

चावी हातात आली तेव्हा दादा मुंबईतच होता. परळच्या हॉस्पिटलात त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तो आमच्या गावमंडळाच्या खोलीत उतरला होता. परळच्या चाळीतली ही एक खोली वडिलांच्या पिढीने पैसे काढून घेतलेली. तेव्हा गिरणीतली माणसं पाळीपाळीने तिथे झोपत, आता गावाहून हॉस्पिटलात येणारे झोपतात. मंडळातले म्हणाले, गाडी तालुक्याला डीलरकडे आहे तर असू दे, चावी तरी खोलीतल्या देवापुढे ठेव. मी पेढे आणि नारळ घेऊन गेलो. खोली भरलेली होती. दादा काळा चष्मा लावून मधोमध बसलेला. चावीबरोबर मी मोबाइलवरचा फोटो फिरवला. दादाने चष्मा वर करून बघितला आणि म्हणाला, "पोरांक खेळूक बरो आसा."

सगळे हसले. मी नारळ पुढे केला.

आमच्याकडे नारळ नुसता फोडत नाहीत, आधी गाऱ्हाणं घालतात. वडीलधारा माणूस देवाशी मोठ्याने बोलतो आणि प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी होकार द्यायचा. लहानपणापासून तोंडाला इतकी सवय की अर्थ कानात शिरायच्या आधी होकार बाहेर पडतो. वडीलधारा म्हणून दादा उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान नवीन गाडी घेतल्यान हा."

"व्हय म्हाराजा."

"तेच्या धंद्याक बरकत दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि ही गाडी वाडीतल्या समद्यांच्या कामाक येवंदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," खोली म्हणाली. मीही म्हणालो. सगळ्यांत मोठ्याने मीच म्हणालो असेन.

मग डोक्यात प्रकाश पडला. मी दोरीने मोजून दादाच्या गडग्यातून जाईल असा ट्रॅक्टर निवडला होता. जो त्या बोळातून जातो तो वाडीतल्या कुठल्याही बोळातून, कुठल्याही परसात जातो. मोठा घेतला असता तर कोणी मागितला नसता. आणि हे मागणं दादाने माझ्याकडे केलंच नव्हतं. माझ्याकडे केलं असतं तर मी घासाघीस केली असती. त्याने ते देवाकडे केलं, आणि होकार माझ्या तोंडून वसूल केला.

तो नारळ उचलत होता. मी त्याचं मनगट धरलं. "दादा, थांब. गाऱ्हाणा संपूक नाय."

मी आयुष्यात कधी गाऱ्हाणं घातलं नव्हतं. तरी देवाच्या तसबिरीकडे बघून म्हणालो, "बा देवा म्हाराजा, गाडी समद्यांच्या कामाक येवंदे, आणि तिची वाट अडवणारो गडगो दोन हात मागे जावंदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," खोली म्हणाली. दादाही म्हणाला. त्याचा स्वर मी नीट ऐकला.

नंतर कोणीतरी फिसकन हसलं. दादाने नारळ फोडला, इतक्या जोरात की पाणी माझ्या शर्टावर उडालं. प्रसादाचं खोबरं हातावर ठेवताना म्हणाला, "चाकरमानी बोलूक शिकलो." आणि दुसरा हात चावीसाठी पुढे केला. ट्रॅक्टर त्याच्याच अंगणात उतरणार होता. दोन चाव्यांतली एक द्यावी लागली.

गडगा मागे गेला, हे मी नाकारत नाही. देवापुढचा शब्द दादा मोडत नाही. आता त्या वाटेने मोठा ट्रॅक्टर हात सोडून चालवता येईल, आणि मी तिच्यासाठी घेऊन बसलोय सगळ्यात अरुंद. तो वाडीत घरोघर फिरतो. कोणाचं परसू, कोणाची नारळीची आळी, कोणाच्या लग्नाला लाकडं. डिझेल जो तो आपलं घालतो, तक्रारीला तेवढीही जागा नाही. माझ्या रानात मात्र रानमोडी छातीपर्यंतच आहे.

परवा दादाला फोन करून विचारलं, माझा नंबर कधी. तो म्हणाला, "तुका घाई कसली? मे महिन्यात येतलंस ना, तेवा बघू."

मेपर्यंत काजू पडून गेलेले असतात. मी फोन ठेवला. दुसरी चावी माझ्या गल्ल्यात आहे. एसटीचं तिकीट काढलंय, दुकान बायको बघेल. गणपतीत नाही, शिमग्याला नाही, मे महिन्यात तर नाहीच. ज्या दिवसांत एकही चाकरमानी गावी जात नाही, अशा दिवसांत मी जाऊन उतरणार आहे. बघू, ओटीवरून मला काय म्हणून हाक मारतो.