चादरीचा चौथा कोपरा

त्या बाईंचं नाव मी विचारलं नाही, कारण तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आला होता.

मुळशी धरणापलीकडच्या एका वाडीत, शाळेच्या वर्गात, मी कृष्णविवरांवर बोलायला गेलो होतो. माझा प्रयोग सोपा आहे. चौघांनी चादर धरायची, मी मधोमध लोखंडी गोळा ठेवायचा. चादरीला खड्डा पडतो. जड वस्तूभोवती अवकाश तसंच वाकतं. गोळा हलवला की चादरभर थरथर पसरते. दोन कृष्णविवरं आदळल्यावर निघतात त्या गुरुत्वीय लहरी अशाच. शहरालगतच्या भुकूमच्या सोसायटीत यावर टाळ्या पडतात.

इथे वाडीतल्या चार बायकांनी चादर धरली होती आणि चौथा कोपरा या बाईंकडे होता. पदर खोचलेला, पाय रोवलेले. मी गोळा ठेवला की त्या कोपरा मुठीत पिळून असा खेचायच्या, की खड्डाच गायब.

"अहो मावशी, ढिली सोडा!"

"व्हय," म्हणायच्या आणि आणखी ताणायच्या. त्यांचं बघून बाकीच्या तिघीही ताणायला लागल्या.

शेवटी मी ओरडलोच. "खड्डा पडू द्या की हो! तुमचं काय जातंय?"

"झोळ पडला की आतल्या माणसाला खालचं दगड लागत्यात," त्या म्हणाल्या. "आजारी सासूला आमी चौघींनी अशीच चादरीत घालून डांबरी रस्त्यापतूर नेली. हाताला सवय हाय."

मी गोळा उचलायला वाकलो.

"थांबा. आदी खाली ठिवू द्या."

आणि चौघींनी चादर अलगद जमिनीवर टेकवली.