आधी तुमी सांगा

मामी फोनवर एवढंच म्हणाली, "तुझे मामा उठून न्हाई राहिले गं." मी हिंगोलीत बाबांच्या छापखान्यात एका मोर्चाच्या पत्रकाचं प्रूफ वाचत होते. सकाळचे दहा वाजले असतील. मामा पहाटे उठणारा माणूस... मला वाटलं, ताप चढला असेल. मी म्हणालेसुद्धा, "मग जरा हलवून उठव ना." "हलवलं गं," मामी म्हणाली, तेव्हा मला कळलं, मामा गेले.

शेषरावमामा लेखापरीक्षक होते. आखाडा बाळापूरला राहून आसपासच्या पतसंस्थांचे, दूध संस्थांचे हिशेब तपासायचे. मी पत्रकांवर वाढलेली. मला अक्षरओळखच 'धिक्कार' आणि 'चला' या शब्दांनी झाली. त्यामुळे हिशेब तपासणं हे मला अगदी बेचव काम वाटायचं. ते मत बदललं बाजाराच्या दिवशी, गावातल्या पतसंस्थेसमोर. (खटला चालू आहे, म्हणून संस्थेचं नाव लिहीत नाही.) तपासणीच्या दिवसांत मामा आत पंख्याखाली बसत नसत. स्वतःची घडीची लोखंडी खुर्ची बाहेर लिंबाखाली मांडत आणि बाजाराला आलेल्या ठेवीदारांना पासबुक घेऊन बोलावत. पासबुक हातात घेत, पण उघडत नसत. "आधी तुमी सांगा, किती हायेत. मग मी उघडतो." तांड्यावरची सोनाबाई दरवर्षी वैतागायची. "दादा, शिकलेले तुमी का मी? तुमीच सांगा की!" मामा म्हणायचे, "मी सांगितलं की तू नुसती मान हलवशील." "मग? हलवली तर काय तुटून पडंल का?" सगळी रांग हसायची, मामाही हसायचे, पण पासबुक मिटलेलंच. शेवटी ती बोटांवर मोजून आकडा सांगायची. मग मामा पासबुक उघडत, संस्थेच्या वहीशी ताडून बघत, आणि जुळलं की हिरव्या शाईनं खूण करत. "बराबर." एकदा मी त्यांना म्हटलं, लोकांचा तुमच्यावर केवढा विश्वास आहे. ते म्हणाले, "तीच तर तकलीफ हाये, पोरी. भरवसा बसला की माणूस विचारायचं सोडतो."

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या तालुक्यातली एक पतसंस्था बुडाली आणि मामांच्या गावातल्या संस्थेतही ठेवी काढायला रांग लागली. संस्थेचा मॅनेजर छापखान्यात आला. लोकांना धीर देणारं पत्रक लिहून द्या, म्हणाला. मी लिहिलं. "घाबरू नका. या हिशेबाखाली शेषरावांची सही आहे." मामांना विचारलं नाही, त्यांच्या सहीचा मला अभिमान होता, आणि अभिमानाला विचारायची गरज वाटत नाही. बाजारभर पत्रक वाटलं गेलं. रांग विरली.

त्याच वर्षी मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांना लिंबाखाली बसता आलं नाही. मॅनेजर पासबुकांचा गठ्ठा घरी घेऊन आला. "साहेब, तुमी काहून तकलीफ घेता? मी गोळा करून आणली." मामांनी खाटेवर बसून एकेक पान ताडलं. सगळं जुळलं. जुळणारच होतं. खरी पासबुकं लोकांच्या घरी पेट्यांत होती. ही त्यानं त्याच आठवड्यात नवी भरून आणली होती. मामांनी सही केली. सहा महिन्यांनी संस्थेचं शटर खाली आलं ते आलंच.

मी सही विकणारे पाहिलेत. कागद न वाचता, चहा संपायच्या आत शिक्का उमटवणारे. ते आजही गाडीतून फिरतात, सत्कार घेतात. मामांनाही लोक त्यांच्यातच धरू लागले, म्हणून मी पेटून दुसरं पत्रक लिहिलं : "शेषराव निर्दोष आहेत." मामांचे वकीलही म्हणत होते, फसवणूक झाली एवढंच सांगा, जास्त बोलू नका. मामांनी माझा मसुदा मागून घेतला, हिरव्या पेनानं 'निर्दोष' खोडलं आणि वर लिहिलं, 'विचारलं नाही'. म्हणाले, "मला फसवलं हे खरं हाये. पण मी लोकायला विचारलं न्हाई, हे त्याच्या आधीचं खरं हाये." बंद शटरसमोर जमलेल्या लोकांना त्यांनी हेच सांगितलं. काहींनी शिव्या दिल्या. सोनाबाई काहीच बोलली नाही. मामांना शिव्या सोसल्या. ते गप्प राहणं सोसलं नाही.

नंतरचे महिने ते काठी आणि ती खुर्ची घेऊन गावोगाव, तांड्यातांड्यावर फिरले. कोर्टात द्यायला प्रत्येकाचा जबाब एका वहीत लिहून घ्यायचे. शेवटी आपला म्हणून एक प्रश्न विचारायचे, "रांगेतून पैसे न काढता काहून परत गेला?" एकदा मी भीत भीत विचारलं, लोक काय सांगतात? "माझी सही." पत्रकाचं कोणी काही...? ते हसले. "पत्रकं कोन वाचतं, बाई!" मला तेव्हा राग आला होता. खरंच, रागच आला होता.

तेराव्यानंतर मामीनं ती वही माझ्या हातात दिली. "तुलाच द्या म्हणले होते." नाव, आकडा, आणि शेवटच्या रकान्यात कारण. पत्रक. पत्रक. शेजाऱ्यानं पत्रक वाचून दाखवलं. सोनाबाईच्या नावापुढे : 'नातीनं पत्रक वाचलं, म्हणून घरी गेली.' मामा माझ्याशी तोंडी खोटं बोलले, वहीत मात्र त्यांना खोटं लिहिता आलं नाही. आणि ही वही मी कधीतरी उघडणार, हे त्यांना ठाऊक होतं.

ती लोखंडी खुर्ची आता छापखान्यात आहे. तिच्यावर कोणी बसत नाही. तिच्याकडे पाठ करून मी प्रुफं वाचते, आणि एखादं ठाम वाक्य आलं की मागून आवाज येतो, "आधी तू सांग..." येत्या बाजाराच्या दिवशी ती खुर्ची घेऊन मी सोनाबाईच्या तांड्यावर जाणार आहे. तिनं काही विचारायच्या आत मला सांगायचंय, आणि धीर होईल न होईल म्हणून इथेही लिहून ठेवते : ते पत्रक मी लिहिलं होतं. मी विचारलं नव्हतं.