दोन पर्सा आणि सोल्युशनचा वास

चांभाराकडच्या सोल्युशनचा वास आला की मला उल्हासनगरचं ते डुप्लिकेट पर्सांचं दुकान आठवतं. आईसाठी ऑनलाइन महागड्या ब्रँडची पर्स मागवली होती, पण खोकं उघडताच अगदी तोच वास आला. खरी की डुप्लिकेट, हे ओळखणार कोण? म्हणून मी कात्रपच्या घरून थेट उल्हासनगरला, डुप्लिकेट विकणाऱ्या त्या दुकानातल्या काकांकडेच गेले. त्यांनी स्वतःकडची तसलीच पर्स शेजारी ठेवली, दोन्ही उलटसुलट केल्या, शिलाई पाहिली, चेन ओढली आणि एकदम थांबले. "बेटा, इसमें तेरी कौनसी थी?" मी दोन्ही हुंगल्या. वास सारखाच. शेवटी एक उचलली. आई ती अजून लग्नकार्यात मिरवते, "ओरिजनल आहे हं, लेकीने घेतलीय," म्हणून सांगते. मी नुसती हसते. ती मीच घेतलेली आहे का, तेवढंही मला माहीत नाही.