सेफ्टी स्टोअरच्या खिडकीतला कोच

सौदीतल्या जुबैलच्या प्लांटवर मी सेफ्टी स्टोअरच्या खिडकीत बसायचो. हेल्मेट, हातमोजे, बूट द्यायचे आणि सही घ्यायची, एवढंच काम. एका सकाळी मी हेल्मेट पुढे केलं आणि बाहेरून आवाज आला, “सर, तुम्ही?”

मान वर केली. माझा कॅचर! कॉलेजच्या बेसबॉल संघात बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा मुलगा आता इंजिनिअर झाला होता. तो पाया पडायला वाकला, पण मध्ये खिडकी होती. त्याच्यामागे रांगेत उभी असलेली माणसं बघत राहिली. माझे कान तापले.

“तुम्ही इथे कधी आलात?” मी विचारलं.

“सर, मला काय अहो-जाहो करताय?”

पण तोंडातून ‘तू’ निघेना. रांगेतली माणसं त्याला साहेब म्हणत होती.

कॉलेजात मी कोच होतो, हे ऐकायला बरं वाटतं. खरं तर मी सॉफ्टबॉलचा खेळाडू. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत बेसबॉल आला तेव्हा क्रीडा विभागाच्या सरांनी बोलावून सांगितलं, “चेंडू लहान, आणि फेकायचा खांद्यावरून. बाकी तेच. शिकव.” मी शिकवलं. नेमणूक दर जूनला नवी व्हायची. एका जूनमध्ये नवे प्राचार्य आले आणि संघच बंद झाला. मला कुणी काढलं नाही, फक्त बोलावलं नाही. मी ऑगस्टपर्यंत वाट पाहिली. मग एजंट गाठला आणि स्टोअरकीपरच्या व्हिसावर इकडे आलो.

माझा कॅचर सहकुटुंब परदेशी कर्मचाऱ्यांच्या एका कंपाउंडमध्ये राहत होता. तिथे अमेरिकन मुलांचा बेसबॉल संघ होता आणि त्याची मुलगीही त्यात खेळायची. दुसऱ्याच शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, गाडी घेऊन तो मला न्यायला आला. वाटेत म्हणाला, “तिथल्या कोचला सांगितलंय मी, माझे सर येतायत म्हणून.”

गाडी परत वळवायला सांगावंसं वाटलं. पण ‘नको’ म्हणायला उशीर झाला होता.

मैदान हिरवंगार होतं. तिथला कोच साठीच्या पुढचा, उन्हाने लाल झालेला अमेरिकन. पूर्वी तोही एका कॉलेजचा संघ सांभाळायचा म्हणे. त्याने मला “कोच” अशी हाक मारली, हातात चेंडू दिला आणि मुलांना बॅटिंगची प्रॅक्टिस द्यायला सांगितलं.

कित्येक वर्षांत मी चेंडू फेकला नव्हता. पहिला बॅटरच्या डोक्यावरून गेला. दुसरा माझ्या पायापुढेच आपटला. मुलं हसली. मग माझ्या कॅचरची मुलगी बॅट घेऊन आली. तिसरा मी जोर लावून फेकला, आणि तो थेट तिच्या दंडावर बसला. ती खाली बसली. बाकावरच्या आया उठून उभ्या राहिल्या.

मी धावत गेलो. कॅचर आधीच पोचला होता. “काही नाही सर, लागतं खेळताना,” तो म्हणाला. मुलीने डोळे पुसले आणि हळू आवाजात, पण मला ऐकू जाईल असं विचारलं, “पापा, सच में ये आपके कोच थे?”

“हो,” तो मराठीत म्हणाला. “आणि मला त्यांनीच शिकवलं.”

त्याच्या तोंडून ते ऐकताना मला जास्त लाज वाटली. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

मी बाकाच्या टोकाला जाऊन बसलो. सराव संपल्यावर अमेरिकन कोच शेजारी येऊन बसला. मला कळावं म्हणून सावकाश इंग्रजी बोलत होता. त्याचा कॉलेजचा संघ लागोपाठ हरत गेला होता. एका सकाळी पेपरात त्याने नव्या कोचचा फोटो पाहिला, आणि आपली नोकरी गेल्याचं त्याला तेव्हा कळलं. पुढे वर्षभर तो भाजी आणायलाही शेजारच्या गावी जायचा. आपल्या गावात माणसं खेळाडूंविषयी विचारायची.

“इथे मी पोहण्याच्या तलावाचं वेळापत्रक सांभाळतो,” तो म्हणाला. “पुढच्या शुक्रवारी ये. फेकू नकोस. मैदानातल्या पोरांना अडवायला बॅटने जमिनीवरून चेंडू मार. माझी कंबर साथ देत नाही.”

मी हो म्हणालो, पण पुढच्या शुक्रवारी कॅचरला फोनवर सांगून टाकलं, ओव्हरटाइम आहे. तासाभरात तो आम्हा कामगारांच्या कॅम्पच्या फाटकाशी हजर. गाडीत मुलगीही होती. मी लुंगीवर, हातात कपड्यांची बादली. त्याने ओव्हरटाइमचं नावही काढलं नाही. “कपडे वाळत घाला सर, आम्ही थांबतो,” एवढंच म्हणाला.

गेलो. बॅट हातात घेतली आणि चेंडू मारत राहिलो. पोरं वाकून अडवत होती, मी पुन्हा मारत होतो. मुलगी माझ्यापासून लांबच्या टोकाला उभी राहिली होती. तीनेक आठवड्यांनी ती आपणहून जवळच्या जागेवर आली.

करार संपेपर्यंत मी जात राहिलो. बाकावरच्या आयांकडे मात्र शेवटपर्यंत सरळ बघू शकलो नाही. माझ्या आधीच अमेरिकन कोच मायदेशी गेला. त्याच्या गावाजवळच्या एका शाळेने त्याला बोलावलं होतं. मला कुणाचं बोलावणं आलं नाही. परत आल्यावर मेव्हण्याच्या हार्डवेअरच्या दुकानात बसू लागलो, अजून बसतो. रविवारी सकाळी नगरपालिकेच्या मैदानावर काही मुली सॉफ्टबॉल खेळतात. त्यांच्या बाईंनी एकदा दुकानात येऊन विचारलं, “तुम्ही शिकवायचात ना?”

“थोडंफार,” मी म्हणालो, आणि रविवारी गेलो.