बुधवारची चार बोटं

तेलाची बाटली बाहेरून कितीही पुसून ठेवा, चार दिवसांनी ती पुन्हा चिकट होतेच. हौसाक्कांच्या खोलीतल्या किश्श्यांचं तसंच आहे. दर बुधवारी मी ठरवते, आज गप्प पडायचं, मालिश करून घ्यायची, घरी यायचं. पण येताना काहीतरी अंगाला लागून येतंच. आता इतकं साठलंय, की म्हटलं सांगून टाकावं.

हौसाक्का म्हणजे शिवाजी पेठेतल्या आमच्या मालिशवाल्या. वय साठीच्या पुढं, मनगट माझ्या पोटरीएवढं. त्यांचे वडील तालमीत पैलवानांना मालिश करायचे, हात त्यांच्याकडून आला. हौसाक्का फक्त बायकांना करतात. एक खोली, एक सतरंजी, तिळाचं तेल आणि चुन्याची एक पांढरी भिंत. भिंतीचं पुढं सांगते.

मी तिथं पोचले ती उजव्या खांद्यामुळं. माझी लेक सई सव्वा वर्षाची. खाली ठेवली तर पडेल, दुसऱ्या कुणाकडं दिली तर नक्कीच पडेल, या हिशेबानं मी तिला सव्वा वर्ष त्याच खांद्यावर वागवली. एक दिवस वेणी घालायला हात वर केला, तर तो कानापाशीच थांबला. डॉक्टरांनी फोटो काढला. म्हणाले, "मोडलेलं काही नाही, आखडलाय. व्यायाम करा, मालिश घ्या आणि मुलीला जरा खाली ठेवा."

पहिल्या दोन गोष्टी मी लिहून घेतल्या.

प्रश्न नुसत्या वेणीचा नव्हता. मी शाळेत मराठी शिकवते आणि जूनमध्ये माझी रजा संपत होती. फळ्याच्या अगदी वरच्या ओळीत तारीख आणि सुविचार लिहायचा, ही आमच्या हेडबाईंची शिस्त. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी माझा हात पाहिला आणि गोड आवाजात म्हणाल्या, "जमत नसेल तर सांगा हं. बदलीच्या बाई चांगल्या उंच आहेत!"

*

आता भिंत. मालिश झाली, की तेलकट हात भिंतीवर जाईल तितका वर न्यायचा आणि पंजा उमटवायचा, ही हौसाक्कांची पद्धत. भिंतीवर प्रत्येकीचा आपला पट्टा. या खेपेचा पंजा मागच्या खेपेच्या वर गेला, की हात सुटतोय. रिपोर्ट नाही, फाईल नाही.

माझा पहिला पंजा इतका खाली उमटला, की हौसाक्का म्हणाल्या, "ह्यो तुझा, का पोरीचा?"

मला असल्या मोघम प्रगतीवर झोप लागत नाही. मी शाळेत जाऊन फळ्याची उंची ओढणीनं मोजली, गाठ मारली, आणि हौसाक्कांच्या स्टुलावर चढून, डाव्या हातानं, तेवढ्याच उंचीवर माझ्या पट्ट्यात निळ्या खडूनं आडवी रेघ मारली. खडू तिथंच खिडकीत ठेवला.

"शाळा हितं आणलीस व्हय, मास्तरीणबाई?" हौसाक्का म्हणाल्या.

घरी सासूबाईंना मात्र रेघ आवडली. मालिशीवर त्यांचं मत आधीच ठरलेलं होतं. "मालिश पैलवानाची, न्हायतर बाळंतिणीची. तू त्यातली कोण गं आता?"

मी विचार करू लागले. मला असं काही विचारलं की मी खरंच विचार करू लागते.

"हे बघ," त्याच पुढं म्हणाल्या, "त्या रेघेला हात लागंस्तोवर जा. तवर बुधवारी पोरीला मी बघतो. हात लागला, की बुधवार बंद. कायमची थेरं न्हाईत!"

*

पहिल्या बुधवारी मी बंदोबस्त करून गेले. घरी यांचा जुना फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला, व्हिडिओ कॉल लावला, आणि माझा फोन सतरंजीवर नाकासमोर ठेवून पालथी झोपले. म्हणजे पाठ हौसाक्कांकडं, डोळे सईकडं.

दोन मिनिटांत पडद्यावर सासूबाईंचा हात आला आणि फोन आडवा झाला. पुढची चाळीस मिनिटं मी आमच्या स्वयंपाकघरातला पंखा बघत होते. मधूनमधून सईचं हसणं ऐकू यायचं. ते हसणं की ठसका, यावर मी मान वर करायचे आणि हौसाक्का ती खाली दाबायच्या.

शेवटी त्यांनी फोन उचलला, पाहिला आणि परत ठेवला.

"पंखा झ्याक हाय. झोप आता."

*

नेटवर वाचून मी एकदा विचारलं, "हौसाक्का, ते लॅव्हेंडर वगैरे असतं ना. तुमच्याकडं कुठला सुगंध आहे?"

त्यांनी खिडकी उघडली. शेजारी खानावळ आहे.

"आज तांबडा रस्सा हाय!"

*

माझ्याआधीचा नंबर शोभाचा. ती हुपरीहून एसटीनं येते. घरीच चांदीच्या पैंजणांना घुंगरू लावायचं काम करते, त्यामुळं मान कायम खाली. हौसाक्कांचा हात मानेला लागला, की दुसऱ्या मिनिटाला शोभा घोरते. बोटं मात्र झोपेतही चालूच असतात. सतरंजीच्या दशीत घुंगरू ओवत असते.

या झोपेपायी तिची परतीची एसटी दोन बुधवार चुकली. तिसऱ्या बुधवारी नवरा मोटरसायकलवरून चौकशीला आला. दारात उभा राहून म्हणाला, "कोल्हापूरला येऊन करतीस तरी काय?"

"झोपतो," शोभा म्हणाली.

"आणि हुपरीत झोप येत न्हाय व्हय तुला?"

"येती की! पर हुपरीत कोण झोपू देतंय?"

नवऱ्यानं आपली मान चोळून बघितली. मग हौसाक्कांना म्हणाला, "मावशी, गड्यांचं करत न्हाय काय तुमी?"

*

पाचव्या बुधवारी माझा पंजा एकदम चार बोटं वर उमटला. शोभानं टाळ्या वाजवल्या. मी पदकाच्या अपेक्षेनं हौसाक्कांकडं पाहिलं. त्या भिंतीजवळ गेल्या, पंजा निरखला आणि म्हणाल्या, "टाचा उचलल्यास."

"नाही हो!"

"मनगटाकडचा तळवा उमटलाय काय बघ. न्हाय. टाचा उचलल्या की माणूस बोटांवर जातंय. पायाच्याबी आन् हाताच्याबी." त्यांनी ओल्या फडक्यानं पंजा पुसायला घेतला. "माझ्या बापाला पैलवान फसवू शकले न्हाईत, आन् तू मला फसवतीस?"

तेव्हापासून माझा पंजा घेताना त्या माझ्या पायावर आपला पाय ठेवून उभ्या राहतात. सई मोठी झाल्यावर तिला खोटं बोलू नये हे कोण शिकवणार, या विचारानं मी दोन दिवस अस्वस्थ होते. मग आठवलं, हौसाक्का आहेतच.

*

एका बुधवारी हौसाक्कांना लग्नाला जायचं होतं, म्हणून मी गेल्या पावली परत आले. दार उघडंच होतं.

आत सासूबाई फरशीवर मांडी घालून बसलेल्या. समोर सई, गळ्यापर्यंत दूधभाकरीनं माखलेली, हातात लाकडी उलथनं, आणि ते परातीवर आपटत होती. मी उकळून ठेवलेले चमचे ओळीनं झाकलेले तसेच होते. शेजारच्या दोन बायका भिंतीला टेकून हसत होत्या.

सासूबाईंची पाठ दाराकडं होती. त्या सांगत होत्या, "आई लेकरावर नुसती झाकणासारखी बसलेली असती बघा. बुधवारी कसं घर मोकळं वाटतंय!"

शेजारणींनी मला पाहिलं आणि हसायच्या थांबल्या. सईनं मला पाहिलं आणि रडायला लागली.

मी म्हटलं, "माझं पाकीट राहिलं होतं." आणि पाकीट हातात असताना परत बाहेर गेले. रंकाळ्याच्या कट्ट्यावर चाळीस मिनिटं बसले. मालिशीला साधारण तेवढाच वेळ लागतो.

*

शाळा सोमवारी उघडणार, त्याआधीच्या बुधवारी सासूबाई सईला कडेवर घेऊन माझ्याबरोबर आल्या. "रेघेला हात लागलेला माझ्या डोळ्यांनी बघतो. म्हंजे विषय मिटला." त्याच्या आदल्या बुधवारी माझा पंजा रेघेच्या दोनच बोटं खाली होता. विषय मिटणार हे मलाही दिसत होतं. फळ्याचा आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल.

मी पालथी, डोक्यावर पंचा. खांदा आटोपल्यावर हौसाक्का म्हणाल्या, "पड अशीच पाच मिनिटं. मान उचलायची न्हाय."

पंच्याखाली ऐकू येत होतं. आधी स्टूल सरकल्याचा आवाज. मग सासूबाईंचा. "सरळ हाय काय?"

"जरा डाव्या अंगाला खाली करा," हौसाक्का म्हणाल्या.

कॅलेंडर टांगत असतील, असं मला वाटलं.

मग मला उठवलं. हौसाक्कांनी माझ्या पायावर पाय ठेवला. मी हात वर नेला. खांद्यात एक बारीक कळ आली आणि गेली, पंजा उमटला. मागच्या पंज्याच्या चांगला दोन बोटं वर.

आणि रेघ? अजून चार बोटं वर.

मागच्या बुधवारी दोन बोटं कमी होती. आज हात दोन बोटं वर गेला. तरी चार कमी. मी मराठी शिकवते, गणित माझं कच्चंच आहे, म्हणून मी गप्प बसले.

"लागला न्हाय," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात दुःख फारसं नव्हतं. "आणखी थोडं बुधवार जायला लागतील."

घरी निघालो. कोपऱ्यावर मी सहज सईकडं पाहिलं. वरचा ओठ निळा! मी तिला ओढून घेतलं, उजव्याच हातानं, आणि समोरच्या दवाखान्यात शिरले. "डॉक्टर, ओठ निळे पडलेत! श्वास बघा आधी!"

डॉक्टरांनी कापूस ओला केला, ओठ पुसला. कापूस निळा झाला.

"खडू खाल्लाय का हिनं?"

"खडू? तो तर वर खिडकीत असतो. तिचा हात कसा पोचेल?"

"मग ज्याचा पोचला, त्यानंच हिचं तोंड पुसलं असेल," डॉक्टर म्हणाले.

सासूबाई भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता लक्ष देऊन वाचत होत्या. दोन्ही हात पदराखाली.

सोमवारी मी फळ्याच्या वरच्या ओळीत तारीख लिहिली, सुविचार लिहिला. टाचा जमिनीवर. हेडबाई दारातून बघून गेल्या. संध्याकाळी घरी आले तेव्हा सासूबाई भाकरी थापत होत्या.

"पोचला हात?"

"फळ्यावर पोचला."

"आणि भिंतीवर?"

"भिंतीवर चार बोटं कमी आहेत."

त्यांनी भाकरी उलटली. "मग बुधवारी जायाला पायजे की."

गेले. आता शाळा सुटल्यावर जाते. हात आणखी दोन बोटं वर गेलाय. कालच पुन्हा मोजलं, रेघ अजून चार बोटं वरच आहे.