टाकीवर उभी गोजरबाई

एकोणीसशे अडुसष्टच्या वैशाखात आमची नाटक मंडळी मोताळ्याजवळच्या एका गावी उतरली होती, उकंडराव पाटलांच्या घरी. मी तेव्हा राण्यांची कामं करायचो; कंबर अजून साथ देत होती. पाटलांकडे पंचक्रोशीतला पहिला गोबरगॅस. पाहुण्याला ते आधी गॅस दाखवत, मग पाणी विचारत.

गोठ्यामागे विटांची विहीर, तिच्यात शेणकाला कुजायचा. त्यातून सुटलेला गॅस वर पालथ्या घातलेल्या लोखंडी टाकीत साठला की टाकी हळूहळू वर उचलली जायची, आणि नळीतून गॅस स्वयंपाकघरातल्या शेगडीला पोचायचा. हा काला कालवायची बौद्धपुऱ्यातली गोजरबाई. रोज बारा गुरांचं शेण, तेवढंच पाणी, कोपरापर्यंत हात घालून काडी-खडा वेचायचा. नवरा मलकापूरच्या कापसाच्या जिनात कामाला गेला तो परतलाच नाही. त्यानंतर तीन वर्षं ती हेच करत होती.

"आग कशी दिसते गं?" मी विचारलं.

"मले काय माहीत, मास्तर? शेगडीपाशी मले कोन जाऊ देते? निळी असते म्हनतात. एकडाव पाह्याची हाये."

तिच्या हातचा काला पाटलांना चालायचा. तिला मात्र उंबरा बंद होता.

मी नट माणूस. प्रसंग उभा करायची खोड. "पाटील, शेगडी ओसरीवर आणा! गावाला दर्शन घडू द्या!"

पाटील फुलले. रबरी नळी लांबवली. भरदुपारी गाव जमलं. गोजरबाई अंगणाच्या कडेला, हात स्वच्छ धुऊन.

काडी ओढली. ज्योत करंगळीएवढी, तीही मरतुकडी. आम्हा वीस जणांच्या जेवणात टाकी खाली बसली होती.

"पाटील, म्हैस पादली तं याच्याहून मोठी होईन!" कोणीतरी ओरडलं. गाव खदखदून हसलं.

पाटील लाल झाले. "टाकीवर वजन पाह्यजे. दाब बसला का गॅस जोरात येते. गोजरे, काय पाहून राह्यली वं? चढ टाकीवर."

"दगड ठेवतो ना, मालक. मले इथून पाह्याचं..."

"तूच दगड. चढ."

ती गोठ्यामागे जाऊन टाकीवर चढली. शेगडी फुत्कारली आणि निळा मुकुट उभा राहिला. टाळ्या पडल्या. मी त्या ज्योतीला राणीचा मुजरा केला, पुन्हा टाळ्या घेतल्या.

बऱ्याच वेळाने गोठ्यामागे गेलो. तापल्या लोखंडावर, टाकीच्या मधोमध वर आलेला नळ धरून, ती आलटून पालटून पाय उचलत उभी होती.

"निळी होती का, मास्तर?"

"निळीच, बाई. उतर आता."

"मालक म्हनतील तवा."

उकंडरावांना ती सोय पसंत पडली. दगड सरकतात, बाई सरकत नाही, असं ते म्हणाले. पुढच्या वर्षी गेलो, तर जेवणाच्या वेळी ती टाकीवरच. पायाखाली गोणपाटाचा तुकडा. पाहुणे जितके जास्त, तितकं तिचं उभं राहणं जास्त. मला पाहून हसली.

आत माझं पान मांडलेलं होतं. ती लवकर उतरावी म्हणून मी भराभर उरकलं.

"अजून एक पोळी घ्या, मास्तर. गरम हाये," पाटील म्हणाले.

मी घेतली.