माझ्या आधी आपाला

शेवटच्या संध्याकाळी मी आणि माझी बायको मुकुंदवाडीतल्या आमच्या ओट्यावर मेथी निवडत बसलो होतो. शेजारची आपा भिंतीवरून डोकावली आणि बायकोला म्हणाली, "आवळ. आता सोड. सांस मत रोक." बायको बोलता बोलता गप झाली, मग दोघी खुदकन हसल्या. काय चाललंय, मी विचारलं. बायकांचं हाय, तुम्ही काड्या पाल्यात टाकू नका, बायको म्हणाली.

त्याच रात्री बायको झोपेतच वारली.

आपा सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात आया होती. नोकरी संपली तरी गल्लीतल्या ओल्या बाळंतिणीला गाठायची खोड गेली नाय. लघवी अडवतो तसं आतून आवळायचं, मग ढिलं सोडायचं, एवढंच शिकवायची. वर दम. "आत्ता कर. नायतर म्हातारपणी शिंकायची चोरी होईल." पुरुष दिसला की गोष्ट पापडावर न्यायची. तुमच्याही गल्लीत अशी एखादी असंल.

मला ती डोळ्यात खुपायची. बायकोचे माझ्या वाट्याला दोन शब्द आणि भिंतीपाशी आपाशी तासभर गप्पा. तिच्याशीच लग्न करायचं होतंस, असं मी बायकोला एकदा बोललो. तिनं विचारलंच नाय, म्हणाली.

दहाव्याच्या आदल्या दिवशी सिल्लोडहून मेव्हणा आला. चार माणसांत म्हणाला, "दाजी, माझ्या बहिणीला तुम्ही माहेर तोडलं." जा म्हणलं तरी तीच जायची नाय. का, ते मलाही ठाऊक नव्हतं.

आपानं ते ऐकलं. संध्याकाळी मला भिंतीपाशी बोलावून सगळं सांगितलं. खोकलं, हसलं की तिचं लुगडं ओलं व्हायचं. एसटीत दोन तास बसायची भीती. कुठं जायचं असलं की पाणीच प्यायची नाय. त्यावर आपा लई ओरडली होती, पाणी तोडलं की जळजळ आणि घाई वाढतेच म्हणून. मग रोज आवळ-सोड. हळूहळू फरक पडला. येत्या पंचमीला ती माहेरी जाणार होती.

हे आपाला माहीत. मला नाय. जन्मभर माझ्या शेजारी झोपली आणि सांगितलं भिंतीपलीकडं. माझं अंग जळलं.

"मला का नाय सांगितलं?"

"तिनं कसम घातली, भाई. म्हणायची, ह्यांना कळलं तर किळस करतील."

"मी किळस केली असती?"

आपानं पदर तोंडाला लावला. तिला रडू येत होतं. मला त्याचाही राग आला. माझ्यापेक्षा जास्त तिचं गेलं होतं का?

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाव्याला निघायला माणसं अंगणात जमली. मेव्हण्यानं तोच विषय काढला. आपा तिच्या दारात उभी होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "व्हय. तिच्याबिगर मला करमत नव्हतं. मीच पाठवलं नाय."